न बांधलेल्या पुलाचा बोर्ड

पेंटरने आयुष्यात सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शब्द म्हणजे 'लवकरच'. डोळे मिटूनही लिहिता आला असता. येथे लवकरच बाग होणार आहे, येथे लवकरच वाचनालय होणार आहे, रस्ता लवकरच खुला होईल. बांधकाम खात्याचे गावातले सगळे बोर्ड छत्तीस वर्षं त्याच्याच हातचे. बाग होणार म्हणून जी मुलं त्या बोर्डापुढून उड्या मारत शाळेत जायची, ती आता आपापल्या मुलांचा हात धरून तिथूनच जात होती. बाग नव्हती. बोर्ड मात्र ठणठणीत होता. पत्र्यावर लाल प्रायमरचे दोन हात, त्यावर निळ्याचे दोन, आणि मग पांढरी अक्षरं. वळण असं, की जाणारा-येणारा थांबून वाचायचा आणि क्षणभर त्याचा विश्वासही बसायचा.

पेंटरचा स्वतःचा विश्वास बसायचा की नाही, हे कुणी त्याला विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. त्याचा एकच नियम होता. जे चिठ्ठीत, ते पत्र्यावर. खात्याकडून सहीची चिठ्ठी यायची, त्यात मजकूर असायचा, तो बरहुकूम उतरवायचा. पदरचं एक अक्षर घालायचं नाही, एक गाळायचं नाही. एकदा दवाखान्याची वेळ 'सकाळी दहा ते सकाळी नऊ' अशी आली होती. त्याने तशीच लिहिली. दवाखाना प्रत्यक्षात तेवढाच वेळ उघडा असायचा, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. काम झालं की चिठ्ठी स्वयंपाकघरातल्या तारेत ओवून ठेवायची. उद्या कुणी विचारलंच, तर सही साहेबांची, आपली नव्हे.

त्याच्या बायकोला सगळे पेंटरीणबाई म्हणायचे, जरी तिला एक रेघ सरळ ओढता येत नव्हती. पण बोर्ड दोघांचाच असायचा. अक्षरं एका ओळीत यावीत म्हणून खडू लावलेला दोरा पत्र्यावर ताणून धरायचा आणि मधोमध उचलून सोडायचा. पत्र्यावर रेघ उमटते. दोऱ्याचं एक टोक पेंटरच्या हातात, दुसरं तिच्या. दोरा सोडता सोडता ती मजकूर वाचायची आणि हसायची. "अहो, हे वाचनालय त्या चाऱ्याच्या गोदामातच का हो?" तो म्हणायचा, "चिठ्ठीत जागा दिलेली नाही." ती म्हणायची, "मग म्हशींना तरी वाचता येईल असं मोठं लिहा." त्याला हसू यायचं, पण हात हलेल म्हणून तो ते दाबून ठेवायचा.

दोन वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं, नाहीतर संपलं, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मशीन होतं ते नदीपलीकडच्या रुग्णालयात. पेंटरच्या मागच्या दारातून त्या रुग्णालयाची पांढरी भिंत दिसायची, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी मोजता यायच्या. मधे नदी. नदीवर खात्याची होडी होती आणि तिच्यावर पगारी नावाडी. आठ मिनिटांत पलीकडे. नावाडी मागच्या फळीवर आपलं घोंगडं दुमडून ठेवायचा आणि म्हणायचा, "वहिनी, आज गर्दी नाही. पाय लांब करा." पेंटरीणबाईचा जीव त्या होडीवर टांगलेला होता, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

होडीच्या धक्क्याशेजारीच पूल होणार होता. एकोणीस वर्षं होणार होता. पाण्यात तीन खांब उभे होते, त्यांच्यावर पाखरं बसायची. आणि काठावर पेंटरचा बोर्ड होता: 'पुलाचे काम पूर्ण होण्याचा दिनांक', पुढे वर्षाचा शेवटचा दिवस आणि साल. दरवर्षी साल सरलं की चिठ्ठी यायची, साल बदलावे. पहिल्या दोन-तीन वर्षांतच पेंटरला या खेळाची तऱ्हा कळली. मग तो सगळा बोर्ड ऑइल पेंटमध्ये आणि साल तेवढं डिंकात कालवलेल्या पांढऱ्या पावडरीने लिहायला लागला. वर पत्र्याची वळचण ठोकली होती, म्हणून ते पावसात टिकायचं. चिठ्ठी आली की ओलं फडकं फिरवायचं, नवं साल लिहायचं, पाच मिनिटांत घरी. खात्याला ही युक्ती इतकी आवडली की साहेबांनी बाकीच्या गावांतही तसंच करायला सांगितलं.

मागल्या वर्षी तो असं साल बदलत होता, तेव्हा पेंटरीणबाई धक्क्यावर होडीची वाट बघत बसली होती. मशीनवरून परतताना तिला होडीच्या हिंदकळण्याने उलट्या व्हायच्या. ती बराच वेळ त्याच्या फडक्याकडे बघत राहिली.

"अहो, पुसायचं म्हणूनच लिहिता तुम्ही. मग पूल तरी कशाला होईल?"

"बोर्डाने पूल होत नसतो."

"पुसायच्या बोर्डाने तरी कुठे होतोय? एकदा पक्क्या रंगात लिहा बघू. मला एकदा माझ्या पायांनी पलीकडे जायचंय, अशी फरफटत नाही."

चौतीस वर्षांच्या संसारात तिने मागितलेल्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या. पेंटरने पावडरीची वाटी बाजूला ठेवली, ऑइल पेंटचा डबा उघडला आणि साल पक्क्या रंगात लिहिलं. माणसाचं कुणी ऐकत नसलं की तो पत्र्याला सांगून बघतो. ती होडीत बसली तेव्हा प्रसन्न दिसत होती, आणि पेंटरला त्या दिवशी तेवढं पुरलं.

ते वर्ष सरलं. पूल झाला नाही, हे सांगायला नकोच. रिवाजाप्रमाणे चिठ्ठी आली. पेंटर फडकं भिजवून गेला, घासलं, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. आता निळ्या रंगाचं ठिगळ मारावं लागणार, ते दोनदा वाळवावं लागणार, मग वर साल. नेमकी त्याच आठवड्यात पेंटरीणबाई तापाने फणफणली आणि तिला पलीकडे ठेवून घेतलं. पेंटरने चिठ्ठी खिशात घातली. एकोणीस वर्षांत काही बिघडलं नाही, चार दिवसांत काय आभाळ कोसळतंय, असं म्हणून तो रुग्णालयात जाऊन बसला.

तिसऱ्या दिवशी मुख्य कचेरीतून एक गाडी आली. सरकारने नवी योजना काढली होती. कामं रेंगाळतात, कारण पाहणीत फार वेळ जातो, असा शोध कुणाला तरी लागला होता. म्हणून आता पाहणी करायचीच नाही; प्रत्येक कामाच्या बोर्डाचा फोटो काढायचा. बोर्डावरची तारीख पुढची असेल तर काम चालू, उलटून गेलेली असेल तर काम पूर्ण. गाडीतल्या माणसाने काच खाली केली, फोटो काढला, काच वर केली. नदीकडे बघायचं त्याला काहीच कारण नव्हतं. ते त्याचं खातं नव्हतं.

पाचव्या दिवशी पेंटरने ठिगळ मारून साल बदललं. पण फोटो पुढे गेला होता. सगळ्या राज्यात एका दिवसात तीनशे बारा कामं पूर्ण झाली, म्हणून मंत्र्यांचा सत्कार झाला. आणि पंधरा दिवसांनी नावाड्याच्या हातात कागद पडला: नदीवर पूल झाला असल्याने होडीची आवश्यकता राहिलेली नाही. होडी क्रेनने उचलून ट्रकवर चढवली आणि गोदामात नेली. पुलाच्या हद्दीत दुसरी होडी चालवायला बंदी घातली. नावाड्याची नोकरी मात्र गेली नाही. सरकार दयाळू होतं. त्याला पुलाचा पहारेकरी केलं.

"दादा, शिट्टी दिलीय मला," नावाडी पेंटरच्या ओट्यावर बसून म्हणाला. "पुलावर कुणी घाण करू नये, म्हणून. माझी स्वतःची होडी असती ना, तर ही शिट्टी नदीत फेकली असती आणि वहिनींना नेलं असतं."

पेंटरने चहा पुढे केला. तो दोघांनीही घेतला नाही.

आता पलीकडे जायचं तर वरच्या अंगाच्या जुन्या पुलावरून. साठ किलोमीटर, तीन बस. पहाटे निघायचं, मशीनवर चार तास, आणि दिवेलागणीला घरी. दुसरा दिवस ती नुसती पडून असायची, तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं की चौथ्या दिवशी पुन्हा बस. तिच्या पायांवर सूज चढली. मागच्या दारातून रुग्णालयाची भिंत दिसायची म्हणून तिने ते दार लावून घ्यायला सांगितलं.

पेंटर साहेबांकडे गेला. साहेब भला माणूस, पेंटरच्या घरी चहा प्यायलेला. तो पेंटरवरच उखडला. "चार दिवस! चिठ्ठी दिल्यावर चार दिवस लावलेत तुम्ही! पूल नाही हे मला माहीत नाही का? पण पूल पूर्ण झाल्याच्या कागदावर आता माझी सही आहे. मी काय म्हणू, मी न बघता सही केली?"

"न बघताच केलीत ना, साहेब?"

"हळू बोला," साहेब म्हणाला.

मग पेंटरने मुख्य कचेरीचे उंबरठे झिजवले. एक खिडकी दुसरीकडे बोट दाखवायची, दुसरी जेवायला गेलेली असायची. शेवटी एका म्हाताऱ्या कारकुनाने त्याचं सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेणारा तोच पहिला. त्याने पुलाच्या तक्रारीचा छापील अर्ज काढला. अर्जात चौकटी होत्या: पूल अरुंद आहे, पुलावर दिवे नाहीत, पुलावर खड्डे आहेत, पूल पडला आहे. 'पूल नाही' अशी चौकट नव्हती.

"अहो, पण पूल नाहीच," पेंटर म्हणाला.

"असं सरकारला म्हणता येत नाही. झालेला पूल नाहीसा व्हायचा एकच मार्ग आहे, काका. तो पडला पाहिजे. पडला म्हणून खूण करा, होडी परत मिळेल. माझं ऐका."

पेंटरने अर्ज घडी करून घरी आणला आणि दोन आठवडे उशीखाली तसाच ठेवला. आयुष्यभर खोटं लिहिलं ते दुसऱ्याच्या सहीने. हे पहिलं त्याच्या स्वतःच्या सहीने होणार होतं. शिवाय त्याला वाटत होतं, कुठेतरी एक शहाणा माणूस असेल, जो येईल आणि नदीकडे बघेल. त्याने गावच्या सह्या गोळा केल्या, अर्ज पाठवले, फोटो पाठवले. फोटोवर उत्तर आलं, की फोटोत पूल दिसत नाही, तरी पुलाचा स्पष्ट फोटो पाठवावा.

शेवटी पेंटरीणबाईनेच उशीखालचा तो अर्ज काढला. "काय हे, अहो? जन्मभर नसलेल्या बागा रंगवल्यात, नसलेली वाचनालयं रंगवलीत. एक नसलेला पूल माझ्यासाठी पाडता येईना तुम्हाला?"

बोलता बोलता ती हसली, आणि हसताना तिला धाप लागली. पेंटरने तिथेच खूण केली. पूल पडला आहे. पडण्याचे कारण, या रकान्यात त्याने लिहिलं: माहीत नाही.

पूल पडला म्हटल्यावर कचेरी खडबडून जागी झाली. न झालेल्या पुलासाठी एकोणीस वर्षं कुणी फिरकलं नव्हतं. पडलेल्या पुलासाठी समिती नेमली गेली, समितीला मदत करायला उपसमिती. पडण्याआधी पुलाची अवस्था काय होती, याचे कागद मागवले गेले आणि आश्चर्य म्हणजे ते मिळालेही. कागदी घोडे असे चौखूर उधळले की काही विचारू नका. होडीचा निर्णय मात्र अहवालानंतरच घ्यायचा होता, कारण होडीचा संबंध पुलाशी होता.

अर्ज दिल्यावर पाचव्या आठवड्यात एका सकाळी दोघं दुसऱ्या बसमधून उतरून तिसरीची वाट बघत होती. स्थानकात एकच बाक रिकामा होता. पेंटरीणबाई त्यावर टेकली. तिचा चेहरा मातकट दिसत होता. "तिसरी बस किती वेळ?" तिने विचारलं. "येईलच," तो म्हणाला. "जरा पाय लांब करते," ती म्हणाली. त्याने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, तिच्या पायांना जागा केली आणि बस कुठून येते ते बघत राहिला. बस आली. तो तिला उठवायला वळला, तेव्हा ती गेलेली होती. बस पाच मिनिटं थांबली आणि निघून गेली. पेंटरला नंतर कितीदा तरी वाटलं, आपण दोन आठवडे आधी खूण केली असती तर. त्याहून आधी, आपण चार दिवस लावले नसते तर. आणि सगळ्यात आधी, आपण तिचं ऐकून पक्क्या रंगात लिहिलं नसतं तर. यातलं कुठलंच तो कुणाला बोलला नाही.

अहवाल त्यानंतर दोन आठवड्यांनी आला. होडीही आली, वरातीमागून घोडं आलं तशी. नावाडी शिट्टी परत करून पेंटरच्या दारात येऊन उभा राहिला. घोंगडं त्याच्या खांद्यावर होतं. पेंटरनेच त्याला आत घेतलं.

अहवालात म्हटलं होतं, की पुलाचं बांधकाम उत्तम होतं, दोष नदीचा होता. सबब कुणीही जबाबदार नाही. नवा पूल मंजूर झाला होता आणि पडलेल्या पुलाची जागा बघायला खुद्द मंत्री येणार होते. पेंटरला नव्या बोर्डाची चिठ्ठी आली. मजकूर चार ओळींचा: 'येथील पूल नैसर्गिक कारणाने पडला. नवा पूल लवकरच होणार आहे. खात्याच्या तत्परतेमुळे मोठी दुर्घटना टळली. जीवितहानी : नाही.'

पेंटरने पत्रा अंगणात मांडला. लालचे दोन हात, निळ्याचे दोन. मग दोऱ्याला खडू लावला आणि सवयीने एक टोक समोर धरलं. ते धरायला कुणी नव्हतं. त्याने पत्र्याच्या कडेला खिळा ठोकला, टोक खिळ्याला बांधलं आणि दोरा सोडला. रेघ वाकडी आली. पुसून पुन्हा सोडला. चार रेघांना अख्खी सकाळ गेली. पहिल्या तीन ओळी त्याने बरहुकूम लिहिल्या, 'लवकरच' तर नेहमीपेक्षा सुरेख आला. चौथीत 'जीवितहानी' लिहिलं, दोन टिंबं दिली, आणि ब्रश खाली ठेवला. त्याला मोठ्याने रडू आलं. मग त्याने डोळे पुसले, चिठ्ठी वाचून तारेत ओवली, आणि पत्र्यावर पक्क्या रंगात लिहिलं: 'एक'.

बोर्ड काठावर उभा करायला खात्याची माणसं आली, त्यांनी उभा केला. कुणी वाचला नाही. साहेबाने दुरून बघितला, अक्षरं छान आली आहेत म्हणाला. वाचला तो मंत्र्यांनीच. हार-तुरे झाले, फोटो झाले, आणि मंत्री सहज बोर्डाकडे वळून मोठ्याने वाचायला लागले. चौथ्या ओळीला थांबले.

"हे 'एक' कोण?"

साहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने गर्दीतून पेंटरला पुढे ओढलं. "पेंटर, चिठ्ठीत काय होतं?"

"'नाही' असं होतं, साहेब."

"मग हे काय केलंत? छत्तीस वर्षांत कधी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाहीत! आत्ताच्या आत्ता बदला हे."

"बदलतो की," पेंटर म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "रंगही आणलाय सोबत. फक्त चिठ्ठी द्या. माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे."

साहेबाने खिशातून कागद काढला, पेन काढलं, कागद बोर्डाच्या खांबावर टेकवला. "सांगा, काय लिहू?"

"लिहा, पेंटरची बायको जिवंत आहे. एवढंच लिहा आणि खाली सही करा."

मंत्री एकदा साहेबाकडे आणि एकदा पाण्यातल्या तीन खांबांकडे बघत होते. धक्क्याला होडी लागली होती, आणि नावाडी वल्हं धरून उभा होता. साहेबाने पेन कागदावर टेकवलं. त्याने पेंटरीणबाईच्या हातचा चहा घेतला होता, साखर जरा जास्त लागते म्हणून तिने त्याची थट्टाही केली होती. पेन जिथे टेकलं होतं तिथे शाईचा एक ठिपका पडला. मग साहेबाने पेनाला टोपण लावलं, कोरा कागद घडी करून खिशात ठेवला, आणि म्हणाला, "चिठ्ठी नंतर पाठवतो."

ती चिठ्ठी अजून आलेली नाही.